आधी वरचा बोल्ट

किसनमामा गेल्यावर त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला सात जण बोलले. मामा हाडाचे ड्रायव्हर होते, हे त्यांतल्या तिघांनी सांगितलं. तीस वर्षांत त्यांच्या गाडीखाली एक कोंबडीसुद्धा मेली नाही, असं एकजण म्हणाला. ते खरं नाही. एक मेली होती, आणि चूक कोंबडीची कशी होती हे मामा जमिनीवर काडीने नकाशा काढून सांगत. एका पुढाऱ्याने पंधरा मिनिटं घेतली, त्यांतली बारा स्वतःविषयी. मी बोललो नाही. माईक समोर आला की मला काही सुचत नाही. सुचतं ते चार-सहा महिन्यांनी, घरी, एकट्याला.

पण मंडपातून बाहेर पडताना एक गोष्ट खटकत राहिली. मामा घरच्या घरी गाडीचं गिअर ऑइल कसं बदलायचे, याबद्दल कुणी अक्षर काढलं नव्हतं. आणि मामा नेमके कोण होते हे कुठं दिसत असेल, तर ते तिथं दिसायचं. आपल्या गाडीचं ते वर्षाआड बदलत, पण मधून मधून गल्लीतल्या कुणाची ना कुणाची गाडी त्यांच्या अंगणात चार ओंडक्यांवर चढलेली असायचीच.

मी केजला कॉलेजचा ग्रंथपाल म्हणून आलो आणि मार्केट यार्डामागच्या कॉलनीत त्यांच्या शेजारचं घर भाड्याने घेतलं. पहिल्याच रविवारी सकाळी खिडकी उघडली, तर शेजारच्या अंगणात एका पांढऱ्या गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले. पाय हलत नव्हते. चार हातांवर प्लास्टिकच्या खुर्चीत एक बाई शांतपणे तुरीच्या शेंगा सोलत बसलेल्या. मी अनवाणीच धावलो.

"अहो, काय झालं? कुणाला बोलावू का?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, एक शेंग सोलली आणि गाडीकडे मान केली. "इचारतेत काय झालं म्हून."

गाडीखालून आवाज आला, "मेलो न्हाई म्हणावं. ऑइल गळायलंय, ते बघत पडलोय."

त्या सुमनमामी. माझी ओळख झाली तेव्हा मामांचा फक्त आवाज आणि पाय भेटले. तोंड अर्ध्या तासाने बाहेर आलं. बुटकी मूर्ती, पांढरा शर्ट, खिशाला पेन. विहारातली रविवारची वंदना आटोपून ते तसेच गाडीखाली जात, आणि शर्टाला डाग न पडता बाहेर येत. हे कसं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. माझ्या शर्टाला तर शाईचा डाग कपाटात ठेवल्या ठेवल्या पडतो.

"तुमी कॉलेजातले का?" त्यांनी विचारलं. "मंग लांब हुभं राहा. शिकल्याली माणसं गाडीला टेकत्यात."

एका सरकारी ऑफिसची जीप त्यांनी नोकरीभर चालवली. अकरा साहेब बदलले, जीपा दोनच झाल्या, असं ते अभिमानाने सांगत. निवृत्त झाल्यावर ही जुनी पांढरी गाडी घेतली. पहिल्यांदा गिअर ऑइल बदलायला त्यांनी ती रीतसर गॅरेजमध्ये नेली होती. नेण्याआधी मात्र गिअरबॉक्सच्या दोन्ही बोल्टांवर लेकीच्या नखपॉलिशचा एकेक ठिपका देऊन ठेवला. संध्याकाळी गाडी परत आली, तेव्हा दोन्ही ठिपके जिथल्या तिथे, गुलाबी.

"बदललं का?" मामांनी मिस्त्रीला विचारलं.

"बदललं की मामा. एक नंबर टाकलंय."

"बोल्ट न खोलता? लई गुणाचं ऑइल हाय. सोताच उतरून गेलं, सोताच चढून बसलं."

त्यानंतर त्यांनी कोणत्याही मिस्त्रीला गाडीला हात लावू दिला नाही. कुठल्या गॅरेजचं नाव मात्र कधी घेतलं नाही. विचारलं तर म्हणत, "त्याला पण पोट हाय. आपून आपली गाडी सांभाळावी."

गाडी सांभाळण्याचं त्यांचं शास्त्र होतं. आधी दहा मिनिटं फिरवून आणायची, म्हणजे आतलं ऑइल पातळ होतं. मग थोडं थांबायचं, कारण उकळतं ऑइल कोपरापर्यंत वाहतं आणि त्याची खूण राहते. ती खूण ते शर्टाची बाही वर करून दाखवत. जागा सपाट हवी. गाडी जॅकने उचलायची, पण जॅकच्या भरवशावर खाली जायचं नाही. चारी बाजूंनी बाभळीचे रुंद ओंडके. ते त्यांनी लाकडाच्या वखारीतून मापाने कापून आणले होते. विटा लावलेल्या त्यांना चालत नसत. "वीट सांगून फुटत न्हाई," ते म्हणत. एवढं झालं, की बाहेर काढलेली स्टेपनी गाडीच्या पोटाखाली आडवी सरकवायची, म्हणजे सगळं दगा देऊन गेलं तरी माणसाच्या छातीएवढी जागा राहावी.

आणि मग खांदा लावून गाडी ढकलायची. जोरात. हा भाग मला फार आवडे. साठी उलटलेला माणूस गाडीला खांदा देऊन तिला दमात घ्यायचा, "पडायचं आसंल तर आत्ता पड बाई, मी भाईर हाय तवर!" एकदा त्यांनी मलाही ढकलायला लावलं. मी ढकललं. गाडी हलली नाही, आणि मामा समाधानी झाले नाहीत.

"सर, पुस्तकाचं पान उलटल्यावानी काय करताव? वैरी हाय आसं समजून ढकला."

किल्ली मामींच्या पदराला बांधलेली असायची. हा त्या घरातला कडक रिवाज. त्याचं कारण दुसऱ्या नंबरचे साहेब. मामा एकदा जीपखाली होते, साहेबांना घाई होती, ड्रायव्हर चहाला गेला असेल समजून ते स्वतःच चढले आणि किल्ली फिरवली. जीप गिअरमध्ये होती. वीतभर पुढे सरकली आणि बंद पडली. "साहेबाला गाडी येत न्हवती म्हणून वाचलो," मामा म्हणत. "येत आसती तर मेलो आसतो." तेव्हापासून मामा गाडीखाली असले, की किल्ली मामींच्या पदराच्या गाठीत, आणि मामी खुर्चीत. मामा बाहेर येऊन हात धुईपर्यंत गाठ सुटायची नाही. दुसरी किल्ली त्यांनी मुद्दाम मुलाकडे, संभाजीनगरला ठेवली होती. घरात असली तर कुणीतरी वापरील, एवढंच कारण.

या सगळ्यांवरचा नियम एकच होता, आणि तो ते कुणालाही, न विचारता सांगत. गिअरबॉक्सला दोन बोल्ट असतात. वरच्यातून ऑइल भरायचं, खालच्यातून सोडायचं. घाईतला माणूस साहजिकच आधी खालचा खोलतो. सगळं ऑइल सोडून देतो आणि मग वरचा खोलायला जातो, तर तो गंजून बसलेला. आता जुनं गेलं, नवं भरता येत नाही, गाडी जागची हलत नाही. "म्हणून आधी वरचा," मामा म्हणत. "भरायचा रस्ता हाय का बघावं, मंग सोडावं."

लोक यात काहीतरी मोठा अर्थ शोधत. आमच्या कॉलेजचे एक प्राध्यापक तर म्हणाले, की मामा, हे जीवनाचं तत्त्वज्ञान आहे. मामांना राग आला. "न्हाई वो. हे गिअर ऑइलचं हाय."

एका निवडणुकीच्या आधी आमच्या भागातले एक भाऊसाहेब त्यांची उंच काळी गाडी घेऊन मामांच्या दारात आले. प्रचाराला गाडी दिवसभर पळायची होती आणि गिअर जड पडत होता. गाडीत भाऊसाहेब, आणि गाडीमागे मोटरसायकलींवर आठ-दहा जण. मामा एकेक ओंडका आणून मांडायला लागले. भाऊसाहेबांनी घड्याळ पाहिलं.

"मामा, एवढा पसारा कावून? ही आठ पोरं हायेत ना. उचलून धरतील गाडी. तुमी झटक्यात करा."

पोरांनी लगेच बाह्या सरसावल्या. मामांनी ओंडका खाली ठेवला, पोरांकडे एकदा नीट पाहिलं, मग भाऊसाहेबांकडे.

"भाऊसाहेब, यातली किती मागच्या टायमाला तुमच्या संगं व्हती?"

मागून एकजण खुदकन हसला.

"आन् मी खाली आसताना तिकडून फोन आला तर?" मामा म्हणाले. "माझा जॅक बरा. त्यो एकाच पार्टीत ऱ्हातो. तरी मी त्याच्यावर पण इश्वास ठेवत न्हाई, ओंडका लावतो."

भाऊसाहेब मोठ्याने हसले. त्यांच्या मोठेपणाची मी पाहिलेली ती एकमेव खूण. मग ते दीड तास आमच्या ओट्यावर बसून राहिले. माझ्याकडे असलेली पुस्तकं पाहून त्यांनी विचारलं, ही सगळी वाचली का. मी म्हटलं, अर्धी. ते म्हणाले, मग बाकीची काढून टाका. मंडपात पंधरा मिनिटं घेणारे पुढारी ते हेच.

जुनं ऑइल मामा कधी नालीत सोडत नसत. नाली पुढे ओढ्याला जाते, ओढ्याकाठी विहिरी आहेत. ते रिकाम्या गोडेतेलाच्या डब्यांत भरून ठेवत आणि भंगारवाल्याला देत. डब्यांवर सूर्यफुलाची चित्रं. म्हणून मला बोलावून प्रत्येक डब्यावर लाल शाईने लिहून घेत, 'हे तेल खायचे नाही'. "तुमचं अक्षर चांगलं हाय," ते म्हणत. माझ्या अक्षराचा इतका जबाबदारीचा उपयोग कॉलेजने कधी केला नाही.

आता मामींच्या गाडी शिकण्याकडे यावं लागेल, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

मामींचं माहेर आष्टीपलीकडच्या कडा गावाजवळच्या एका वाडीत. तिथे त्यांची आई, नव्वदीच्या पलीकडची, धाकट्या भावाकडे असे. एका रविवारी मामा गाडीखाली, मामी खुर्चीत, आणि फोन आला, की आई पडली. मामी ताडकन उठल्या. मामांना खालीच ओरडून सांगितलं, पिशवी उचलली, कोपऱ्यावर बीडची जीप मिळाली त्यात बसल्या आणि गेल्या. जीप गेल्यावर मामांच्या लक्षात आलं, की किल्ली पदरातच आहे. गाडी ओंडक्यांवर, नवं ऑइल भरलेलं, सगळं तयार. बायको बीडकडे.

बीडला एक गाडी बदला, आष्टीला दुसरी. मामी दिवस मावळता मावळता पोचल्या. आईचं मनगट मोडलं होतं, बाकी ठीक होतं. पण तेवढे सगळे तास म्हातारी "सुमन आली का" म्हणून विचारत राहिली होती. आणि दर वेळी वाटेत कुठंतरी थांबलेल्या मामींच्या पदरात स्वतःच्या गाडीची किल्ली होती.

तीन दिवसांनी त्या परत आल्या. मामा फाटकात उभे. मला वाटलं, भांडण होणार. मामींनी गाठ सोडली, किल्ली मामांच्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "मला शिकवा."

"काय?"

"काय म्हंजी? भाकरी तर येती मला."

अठ्ठावन्नाव्या वर्षी त्या शिकल्या. यार्डामागच्या मोकळ्या मैदानात महिनाभर पहाटे ते चाले. मामा कधी ओरडले नाहीत. आतून दार धरून बसायचे, एवढंच. मामींना हॉर्नचा फार लळा. माणूस, म्हैस, उभी टपरी, सगळ्यांना हॉर्न, आणि शिवाय खिडकीतून मान काढून "सरका की वो!" म्हशीलाही 'वो'. पण परवाना मिळाला, आणि मग दर पंधरा दिवसांनी दोघं कड्याला जाऊ लागले. जाताना मामा चालवत, येताना मामी.

असं दोन-तीन वर्षं चाललं. मग मामांच्या उजव्या हाताला कंप सुटला.

पहिल्यांदा चहाच्या बशीत आवाज यायला लागला. मग पाना बोल्टावर बसेना. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी गाडी चालवायची बंद केली, गाडीखाली जाण्याचं तर नावच नको. मुलगा मिलिंद आला. तो कंपनीत इंजिनिअर, वडिलांसारखाच बुटका आणि नीटस. अंगणात आम्ही चौघं बसलो होतो.

"पप्पा, गाडी काढून टाकू. माझ्याकडे गिऱ्हाईक आहे."

"आन् आईकडं कशी जाऊ मी?" मामींनी विचारलं.

"आई, तू चालवतेस, मान्य. पण गाडीला काही झालं तर तुला कळणार आहे का? मिस्त्री जे सांगेल ते तू ऐकणार. घाटात बंद पडली तर काय करणार? आजवर सगळं पप्पा बघत होते."

"आता मी बघन."

"तू? गाडीखाली जाणार?"

"जाईन."

मिलिंद हसला. हसला तिथंच चुकला. मामांनी मामींकडे पाहिलं आणि मिलिंदला म्हणाले, "गिअर ऑइल बदलायला आलंच हाय. तिला करू दे. न्हाई जमलं तर घिऊन जा गाडी."

ठरलं असं, की पंधरा दिवसांनी रविवारी दुपारी मिलिंद येईल. तोवर मामींनी ऑइल स्वतः बदललेलं असलं पाहिजे. मामांनी हात लावायचा नाही, आणि सरांनीही नाही. माझ्या हातालाही कुणी मदत समजावं, याचं मला मनातून बरं वाटलं. काम झालं, तर गाडी मामींची. नाही, तर मिलिंद ती त्याच दिवशी घेऊन जाईल आणि मामींचं माहेर पुन्हा तीन गाड्यांच्या पलीकडे.

पंधरा दिवस शाळा भरली. मामांनी गिअरबॉक्स समजावायला नळ लावलेला माठ पुढे घेतला. "ह्ये बघ, वरून भरायचं, खालून सोडायचं."

"माठ मला शिकवू नका," मामी म्हणाल्या. "चाळीस वर्षं मीच भरायलेय त्यो."

मामांना मात्र स्वतःवर भरवसा राहिला नव्हता. कधी कधी बोलता बोलता शब्द हरवे. मग ते हात हलवून गप्प बसत, जणू त्यांना ते सांगायचंच नव्हतं. एका संध्याकाळी ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "सर, मी सांगतो ते लिहून घ्या. मोठ्या अक्षरात." ग्रंथालयातली जुनी कोरी कार्डं माझ्याकडे होती, त्यांवर मी एकेक पायरी लिहिली. पहिल्या कार्डावर त्यांनी तीन वेळा लिहायला लावलं, 'आधी वरचा'.

तो रविवार आला. मामींनी सकाळी गाडी फिरवून आणली, चाकांना दगड लावले, चारी बाजू उचलून ओंडके घातले, स्टेपनी सरकवली आणि गाडीला असा खांदा दिला, की मी मागे सरलो. किल्ली या वेळी मामांच्या रुमालाला. मामा खुर्चीत, मी शेजारी कार्डं घेऊन. मामींनी साडीवर मामांचा जुना खाकी शर्ट चढवला, दोन्ही पाय आत घेतले आणि दिसेनाशा झाल्या.

"दिसले का बोल्ट?" मामा.

"दोन्ही दिसले."

"खालचा खोल."

मी कार्डाकडे पाहिलं. मग मामांकडे. ते गाडीकडे टक लावून बसले होते. हात मांडीवर थरथरत होता.

"वरचा आधी," गाडीखालून मामी म्हणाल्या.

"खालचा म्हणलो ना! खोल लवकर."

मी तोंड उघडलं, आणि माझ्यासारखा माणूस अशा वेळी जे करतो तेच केलं, मिटलं. मग पाना लोखंडावर बसल्याचा आवाज, आणि मामींचं कण्हणं.

"वरचा निघंना झालाय."

मामा खुर्चीवरून अर्धे उठले. चेहऱ्यावर कुणीतरी दार उघडल्यासारखं काहीतरी झालं. "खालचा खोलला का? खोलला न्हाईस ना?"

"न्हाई. वरचाच धरलाय. गंजलाय वाटतं. पायानं रेटते आता."

"थांब!" आवाज असा आला, की कोपऱ्यावरच्या दुकानातले लोक वळले. "हात काढ. भाईर ये. आधी भाईर ये!"

मामी बाहेर आल्या, तोंडावर काळा ओघळ.

"वर चढीवलेल्या गाडीखाली पडून आसा जोर लावत्यात का? वडताना गाडी सरकली तर? खाली घी तिला. चाकावर हुभी कर. मंग बाजूनं हात घाल, पान्याला पाइप लाव, आन् किती बी वड."

जो शब्द मघाशी हरवला होता तो असा सगळा एकदम परत आला. मामींनी मुकाट्याने ओंडके काढले, गाडी चाकांवर उतरवली, दगड पुन्हा घट्ट केले. पुढचं चाक वळवलं, त्याच्या बाजूने हात घातला आणि पान्याला पाइप जोडून ओढला. दोनदा काही नाही. तिसऱ्यांदा 'कट्' असा बारीक आवाज आला.

"सुटला!" हे मी ओरडलो. त्या दिवसातलं माझं एवढंच काम.

मग सगळं पुन्हा पहिल्यापासून. उचलणं, ओंडके, स्टेपनी, खांदा. या वेळी मामांनी काही सांगितलं नाही. खालचा बोल्ट निघाला, टबात काळं ऑइल धार धरून पडलं. बोल्टाच्या टोकाला लोहचुंबक असतं. गिअर झिजले की त्यावर लोखंड जमतं.

"काजळ हाय का सुया?" मामांनी विचारलं.

मामींनी बोटाने पुसून हात बाहेर काढला. "काजळ."

"मंग तरणी हाय अजून."

नवीन वायसर, म्हणजे बोल्टाखालची चकती, बोल्ट घट्ट, मग बॉनेटमधून नरसाळं आणि लांब नळी. वरून ओतायचं आणि खाली जाऊन पाहायचं, पुन्हा वर. मी मोजलं नाही, पण मामी बऱ्याच वेळा उठल्या-बसल्या. त्यांचे गुडघे वाजत होते आणि आम्ही दोन पुरुष खुर्च्यांवर बसून होतो. शेवटी वरच्या छिद्रातून ऑइलची बारीक धार परत बाहेर आली. भरलं.

वरच्या बोल्टालाही नवीन वायसर घालून मामी हात धुवायला आत गेल्या, तेव्हा मामा हळू आवाजात म्हणाले, "सर, मी खालचा म्हणलो का?"

मला खोटं बोलता आलं असतं. "हो."

"आन् ती ऐकली न्हाई?"

"नाही."

ते गाडीकडे वळले. मग खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतायत. हसत होते. "लग्नाला चाळीस वर्षं झाली. ऐकत न्हाई म्हणून किती भांडलो मी तिच्या संगं." डोळे पुसत म्हणाले, "तिला सांगू नका. चढून बसंल."

मिलिंद दुपारी आला. गाडीखाली वाकला, बोल्ट पाहिले, टबातलं जुनं ऑइल पाहिलं, आईचे हात पाहिले. नखांत काळं तसंच होतं. गाडी यार्डापर्यंत नेऊन आणली आणि खिशातून दुसरी किल्ली काढून आईच्या पुढ्यात ठेवली. "वरचा बोल्ट गंजला होता ना?" त्याने विचारलं. "मागच्या वेळी पप्पांचा हात नीट चालत नव्हता, म्हणून मीच लावला होता तो. वायसर घालायचं राहिलं, म्हणून तो धरून बसला. तेव्हाच लक्षात आलं होतं, पण बोललो नाही."

मामींनी ताटात भाकरी वाढली. "जेव आधी," म्हणाल्या. "वायसर घातलंय मी."

त्यानंतर पंधरा दिवसांनी ते दोघं कड्याला निघाले. पुढच्या महिन्यात मिलिंद मामांना उपचाराला घेऊन गेला, ते परत आले नाहीत. मला ते आठवतात ते कड्याला निघालेल्या त्या सकाळचे. मी कॉलेजला निघालो होतो. मामी चालवत होत्या आणि मामा डावीकडे बसले होते. मला पाहून त्यांनी थरथरता हात वर केला. कॉलनीच्या तोंडाशी एक ट्रॅक्टर आडवा होता, म्हणून गाडी थांबली, आणि मी चालत चालत तिच्या बरोबरीला आलो. तेवढ्यात मामांना झोप लागली होती. तीस वर्षं त्यांच्या मागच्या सीटवर साहेब झोपत आले. मामा स्वतः कुणाच्या गाडीत झोपल्याचं कुणी पाहिलं नव्हतं, एसटीतसुद्धा ते रस्त्यावर नजर ठेवून जागे बसत. आता डोकं काचेला टेकलं होतं, तोंड जरासं उघडं. मामींनी एकदा तिकडे पाहिलं. मला बोटाने गप्प राहायला सांगितलं. ट्रॅक्टर सरकला. पुढे मोठा गतिरोधक होता, आणि गाडी त्यावरून इतकी हळू गेली, की मामांचं डोकं काचेवरून हललंसुद्धा नाही.